कापयंत्र, बावीस वह्या आणि घर कोणाला द्यावे

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, मेंदूच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे काप काढणारी तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या रागाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी मऊ पडले असताना केले होते.

एक. माझ्या धाकट्या भावाला या घराची जुनी किल्ली देत आहे. कुलूप गेल्या महिन्यात बदलले. संशोधनासाठी माझी निवड झाल्याचे पत्र आले, तेव्हा ते त्याने आठ दिवस खिशात ठेवले आणि मुदत टळल्यावर माझ्या हातात दिले. "विसरलो गं ताई," म्हणाला. सिनेमाची तिकिटे तो कधी विसरला नव्हता. त्याला कोर्टात जायचे असेल तर खुशाल जावे; वकीलबाईंना सगळे सांगून ठेवले आहे.

दोन. ती संधी हुकली म्हणून मी तंत्रज्ञ झाले. मेंदूचा केसाहून पातळ काप काढायचा, ब्रशने अलगद उचलून रंगात सोडायचा, हे माझे काम. विभागप्रमुख सरांच्या नावाने जी रंगपद्धत गाजली, ती माझी आहे. एकदा माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीमुळेच पेशींचे धागे पहिल्यांदा टोकापर्यंत दिसले. तेव्हापासून ती चूक मी रोज मुद्दाम करत आले. सरांना सांगायला गेले, तर मध्येच तोडून म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे. पण हाताचा गुण शोधनिबंधात लिहीत नसतात." आभारात माझे नाव आले, उंदरांचे पिंजरे पुरवणाऱ्याच्या खाली. पुढे देशोदेशीच्या प्रयोगशाळांना ती पद्धत जमेना. त्यांची तक्रारीची पत्रे वाचून मला फार आनंद व्हायचा. ती चूक म्हणजे कामातली कोणती पायरी, हे इथे लिहीत नाही. सरांचे वाचन दांडगे आहे.

तीन. हे घर, भंगारातून उचलून मी दुरुस्त केलेले कापयंत्र आणि माझ्या बावीस वह्या, हे सर्व पदवीच्या वर्गातल्या अशा मुलामुलींसाठी आहे, ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही आणि ज्यांना मेंदूवर संशोधन करायचे आहे. अशी मुले मला प्रयोगशाळेत दिसली ती फरशी पुसतानाच. एका वेळी चौघांनी इथे राहावे, पोटभर जेवावे, हात बसेपर्यंत काप वाया घालवावेत. निवड वकीलबाईंनी करावी. परीक्षेतले गुण बघू नयेत. न समजलेली गोष्ट पुन्हा विचारायला मूल लाजत नाही ना, एवढेच पाहावे.

अट एकच. शेवटच्या वहीतली ती पायरी मुलांनी स्वतःच्या नावाने छापावी आणि सरांचे नाव आभारात घालावे, पिंजरेवाल्याच्या खाली. सर निवृत्त झाले तरी धडधाकट आहेत. त्यांना आपलीच पद्धत शिकायची असेल, तर त्यांनी वरच्या खोलीत यावे आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून शिकावी. त्यांच्यासाठी स्टूल ठेवले आहे. त्याला पाठ नाही. माझ्याही स्टुलाला चौतीस वर्षे नव्हती.

चार. सगळ्यांची उणीदुणी काढली, आता माझे. एका शिंप्याची मुलगी आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा मी तिला जेवणाच्या सुट्टीत चोरून आत घेऊन काप काढायला शिकवत असे. तीन महिन्यांत तिचा काप माझ्यापेक्षा स्वच्छ निघू लागला. एके दिवशी सर अचानक आत आले आणि तुला आत कोणी घेतले, असे त्यांनी तिला विचारले. तिने माझ्याकडे पाहिले आणि माझे नाव घेतले नाही. मी बाटल्या पुसत राहिले. चोरून घुसली म्हणून तिचे कॉलेजातून नाव कमी झाले. मला नोकरीची भीती होती. खरे सांगायचे तर सर कधीतरी मला संशोधक म्हणतील, ही आशाही होती. ती मुलगी आजही वडिलांच्या दुकानात कपडे शिवते.

वरची खोली आणि यंत्र तिच्या नावावर करावे, मुलांची गुरू तिनेच व्हावे, असे मी ठरवले होते. काल तिला बोलावून मसुदा वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि वकीलबाईंना विचारले, साक्षीदाराला यातले काही मिळते का. वकीलबाई म्हणाल्या, नाही. साक्षीची सही केली की तिच्या नावचे सगळे रद्द.

"मग मी साक्षीदार होते," ती म्हणाली.

"अगं, तुझं झालेलं नुकसान मला भरून काढू दे," मी म्हटले.

"मुलांना मी शिकवीन. दर रविवारी येईन," ती म्हणाली. "पण ते नुकसान भरून निघू द्यायचं नाही मला."

म्हणून या कलमाखाली कोणालाही काही देता आलेले नाही.

ठिकाण: राहत्या घराची खालची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, मंगळवार
सही: काप काढणाऱ्या बाई

साक्षीदार पहिला: शेजारचे चष्मेवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: शिंप्याची मुलगी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्या पूर्ण शुद्धीत होत्या. त्या दिवशीही होत्या.