मनू, तुझं तमिळ मला उशिरा कळलं

लाडक्या मनू,

आज श्रेया नावाची एक मुलगी माझ्यावर चांगलीच रागावली. सगळ्या वॉर्डासमोर बोट रोखून म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळं माझी दिवाळी बुडाली!" मी हसले, तिची आईही हसली. पण घरी येताना रिक्षात मला तुझी अशी काही आठवण आली, की उतरल्यावर जिना चढवेना. खालच्या पायरीवरच बसून राहिले. इतकी वर्षं तुझ्याशी मनातल्या मनात बोलत आले. आज लिहूनच सांगते.

श्रेया कोण, ते येईलच. आधी आपलं बोलू दे.

आपण विट्याहून मद्रासला आलो तेव्हा तू रांगत होतीस. पप्पांचं सोनं-चांदी गाळायचं दुकान जॉर्ज टाउनात, आणि त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर आपली खोली. तू चालायला लागलीस ती तमिळ बोलतच! खालच्या मजल्यावरची पाटी, म्हणजे तमिळमध्ये आजी, तिला तू सख्ख्या आजीसारखीच धरून असायचीस. मला मात्र 'वेंडाम' आणि 'पोदुम' यापलीकडं काही जमलं नाही. नको आणि पुरे, एवढ्यावर माझा संसार चालला. भाजीवाली भाव तुला सांगायची, घासाघीस तू करायचीस, मी नुसती पिशवी धरून उभी. शिकायची गरजच काय होती गं मला? तू होतीस ना!

मग तू दुसरीत असताना तो ताप आला, उतरेचना. नडग्यांवर निळे डाग उठले. रक्ताचा कॅन्सर, असं डॉक्टरांनी पप्पांना हिंदीत सांगितलं. पप्पा दुकानावर गेले की मात्र वॉर्डात आपण दोघीच. रोजचं सगळं तुझ्याच तोंडून. स्वतःच्या आजाराचं भाषांतर तू मला करून सांगायचीस, पलंगावर मांडी घालून, शाळेत धडा वाचावा तशी. "आई, डॉक्टर म्हणतायत, रक्तात वाईट पेशी झाल्यात. औषधानं मरतात त्या. आईला सांग घाबरू नको, म्हणतायत."

ते 'घाबरू नको' डॉक्टर खरंच म्हणाले होते, की तू पदरचं घातलं होतंस? अजून मला कळलेलं नाही.

पहिल्या महिन्यातल्या गोळ्यांनी तुझे गाल टम्म फुगले. भूक तर अशी लागायची, की पहिलं थालीपीठ ताटात असताना दुसऱ्याची वर्दी! केस गेल्यावर तू आरशात बघून म्हणालीस, "आई, मी आपल्या मारुतीच्या पुजाऱ्यासारखी दिसते." मी तोंड फिरवून रडले, आणि तू मात्र पोट धरून हसत होतीस.

मला सांगितलं होतं, रक्त वाहू देऊ नका. ब्रश मऊ वापरा, पडू देऊ नका, हिरड्या बघा, नाक बघा. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. कुठून थेंबभर रक्त येतंय का, एवढंच! ते आतल्या आत गोठू शकतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. जे रक्त थांबत नाही म्हणून जपायचं, तेच गोठेल असं कुठल्या आईला सुचेल?

त्या दिवशी आपण इंजेक्शनसाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी कार्तिगै होती, इथला पणत्यांचा सण. पाटीनं तुला कबूल केलं होतं, यंदा जिन्याच्या सगळ्या पणत्या तूच लावायच्या. सकाळपासून तुझ्या तोंडी तेवढंच. सिस्टर तुझा हात तपासता तपासता म्हणाली, "तलै वलिक्कुदा?" तू नाही अशी मान हलवलीस. "इल्लै अक्का." मी विचारलं, काय म्हणतायत गं? तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "विचारतायत, इडली खाल्लीस का."

खाल्ली होतीस की इडली! मग नाही का म्हणालीस, हे मी विचारलंसुद्धा. "दोनच खाल्ल्या ना, म्हणून," म्हणालीस. माझी हुशार पोर!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू पणत्या लावल्यास. खालच्या पायरीपासून वरपर्यंत, एकेक. मध्येच डोळे मिटून भिंतीला टेकलीस. मला वाटलं, दमली. पाटीनं तुला जवळ घेऊन गुळाच्या लाह्या भरवल्या.

पणत्यांच्या दुसऱ्या सकाळी तू उठलीस आणि भडभडून उलटी केलीस. दोन्ही हातांनी डोकं धरलंस. मी पाण्याचा पेला दिला, तो तुझ्या उजव्या हातातून सुटला. मग तुला झटका आला. पप्पांनी तुला उचललं आणि आम्ही धावलो.

मेंदूतलं रक्त वाहून नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती, आणि मागं रक्त तुंबून आत फुटलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा काचेच्या दारापाशी डॉक्टर आपसात भराभरा तमिळ बोलत होते, पप्पा कागदांसाठी खाली गेले होते, आणि मी सवयीनं तुझ्या पलंगाकडं वळून विचारलं, "मनू, काय म्हणतायत गं?"

तुझे डोळे मिटलेले होते. त्यानंतर तू ते उघडलेच नाहीस.

पुढचं लिहीत नाही. तुला माहीत आहे, मी जवळ होते.

काही महिन्यांनंतर आम्ही मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी हिंदीत सावकाश समजावलं. जे औषध त्या वाईट पेशींना मारतं, तेच रक्त पातळ ठेवणारे घटकही कमी करतं. त्यात त्या गोळ्या, त्यात हातातून घातलेली नळी. काही मुलांच्या शिरेत गुठळी होते. बरीच मुलं त्यातून उठतात, काही नाही उठत. "पहले पता चलता तो भी, मैं पक्का नहीं कह सकती," असं त्या म्हणाल्या. त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही, म्हणून त्या मला आवडल्या.

मग मी तमिळ शिकायला बसले. कशासाठी, ते विचारू नकोस. घरात तुझा आवाज नव्हता, निदान तुझी भाषा तरी असावी, असं काहीसं असेल. पाटी शिकवायची. मी चुकले की ती हसायची, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायची. अशीच एका सकाळी ती कपाळाला सुंठ लावून बसली होती. म्हणाली, "तलै वलिक्कुदु. इन्निक्कि समैयल इल्लै." डोकं दुखतंय, आज स्वयंपाक नाही.

मनू, माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. सिस्टरचा आवाज कानात जसाच्या तसा होता. तलै वलिक्कुदा? डोकं दुखतंय का?

तिनं तुला नेमकं तेच विचारलं होतं. आणि तू 'नाही' म्हणालीस, वर मला इडलीचं सांगितलंस!

खरं सांगू? त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले. गेलेल्या लेकरावर कोण रागावतं? पण रागावले. सांगायचं होतंस गं! मला फसवायचं होतं तर अभ्यासात फसवायचं, दूध ओतून देऊन फसवायचं. पण मग मला तुझं वय आठवलं. दुखतंय म्हटलं की ठेवून घेतात, एवढं तुला त्या महिन्यात पुरेपूर कळलं होतं. तुला पणत्या लावायच्या होत्या. यात तुझं काय चुकलं? लेकराला घर हवं होतं. माझा राग दुपारपर्यंतही टिकला नाही.

त्याच डॉक्टरीणबाईंना विचारून मी वॉर्डात जायला लागले. गलाईच्या, सोनं गाळायच्या धंद्यातली आपली माणसं येतात, हिंदी बोलणारी येतात, बायका बावरलेल्या असतात. मी मध्ये बसते. कुठल्या पोराला आता स्वतःचं दुखणं आईला समजावून सांगावं लागत नाही.

श्रेया आटपाडीकडची. दिवाळीच्या आधी ती इंजेक्शनला आली, ती टोपी डोळ्यांवर ओढूनच. उजेडाकडं बघेना. मी विचारलं, "डोकं दुखतंय?"

तिनं आईकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

मनू, ती मान मी ओळखली. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "दुखतंय म्हणालीस तर आज घरी सोडणार नाहीत. खोटं कशाला सांगू?"

"मग दिवाळी?"

"दिवाळी चुकेल."

ती किती तरी वेळ टोपीच्या आत रडली. मग म्हणाली, "परवापासनं दुखतंय. आईला नका सांगू."

तिच्या आईला सांगितलं, सिस्टरला सांगितलं, डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले. माझं तमिळ त्या दिवशी कुठंही अडलं नाही. स्कॅन झाला. गुठळीच होती, पण अजून काही फुटलं नव्हतं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. तिची आईच देते आता, मांडीत. आज नव्या स्कॅनमध्ये गुठळी विरत आलेली दिसली. श्रेयानं मला मांडीवरचे निळे ठिपके दाखवले आणि मग ते दिवाळीवरून भांडण काढलं.

मी घरी आले, पप्पांना सांगितलं. ते दुकानातून नुकतेच आले होते. दुकानाच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्या. मग म्हणाले, "आपली मनू आता केवढी असती गं?" इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही दारापाशी उभं राहून तुझी उंची ठरवत होतो. ते खांद्यापर्यंत म्हणाले. मी म्हटलं, छे, माझ्याहून उंच!

तुझ्याविना दिवस जातात, मनू, पण सरत नाहीत. कुणी वाचलं म्हणून तुझी जागा भरत नाही. श्रेयाला हसताना बघून आज क्षणभर वाटलं, हिच्यात माझी मनू आहे. नाही गं. ती श्रेया आहे. तिची तिला आई आहे, तिचं तिला भांडण आहे.

म्हणून हा शब्द देते. मी वॉर्डात जात राहीन, पण तिथल्या एकाही लेकरात तुला शोधणार नाही. त्यांना त्यांचं राहू देईन. तुझी आठवण आली, की सरळ तुलाच हाक मारीन. मोठ्यानं, घरात, पप्पांसमोर.

तुझी,
आई