अर्ज क्र. २१२ मधील तिसरा परिच्छेद वगळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सार्वजनिक अर्जलेखक परवाना विभाग,
न्यायालय संकुल, तल्ल सुम्माक.

अर्जदार : मिस्बाह नायिफ अल-हवामिदा, परवानाधारक अर्जलेखक, छत्री क्र. ४, पूर्व फाटक.

विषय : अर्जदाराचा परवाना रद्द न करण्याबाबत, ते शक्य नसल्यास, निदान वरील परिच्छेद वगळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ११ ऑक्टोबर २०२१.
२) पूर्व फाटकावर एकाच टाचणीने लावलेली दोन परिपत्रके.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, तो गेली बावीस वर्षे सदर फाटकाबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत आहे. स्वतःसाठी अर्ज लिहिण्याची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाईक म्हणून आपण अत्यंत कटकटे आहोत, हे त्याला आज सकाळीच कळले. तीन कागद फाडून झाले आहेत.

२. दोनशे बारा लोकांचे खाजगी अर्ज चव्हाट्यावर कसे आले, असे नोटिशीत विचारले आहे. अर्जदार सुरुवात विभागाच्या पोर्टलपासून करतो. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणाल. पण अंगणही थोडे वाकडे आहेच. पोर्टल ब्राउझरच्या फक्त नवव्या आवृत्तीत उघडते. पहिले परिपत्रक सांगते, नववी आवृत्तीच वापरावी, अन्यथा परवाना निलंबित होईल. दुसरे सांगते, नववी आवृत्ती असुरक्षित आहे, ती वापरल्यास परवाना निलंबित होईल. दोन्हींवर सही आपलीच आहे. कोणता आदेश मोडल्यास आपला अवमान कमी होईल, हे अर्जदाराला ठरवता आले नाही, म्हणून त्याने काहीच केले नाही. काहीच न करणे त्याला पूर्वीपासून चांगले जमते. रोज सकाळी पडद्यावर ‘अद्ययावत करा’ अशी चौकट यायची आणि अर्जदार ती माशी हाकलावी तशी हाकलायचा.

३. यातला तांत्रिक भाग अर्जदाराला त्याची भाची रिनाद हिने समजावला. ती संगणकाची शिकलेली असून मामाविषयी तिला फारसा आदर उरलेला नाही. ती म्हणाली, “मामा, तुमचा ब्राउझर म्हणजे पातळ भिंतीची खोली. एका खिडकीत तुम्ही लोकांची गाऱ्हाणी लिहिता, आणि शेजारच्या खिडकीत उघडलेलं पान ती वाचून बाहेर पाठवू शकतं. हे भगदाड जगाला दहा वर्षांपूर्वी कळलं, नव्या आवृत्तीत बुजवलंही. तुम्ही मात्र जुन्याच खोलीत दार उघडं टाकून बसलात.” पुढे तिने विचारले, “शेजारच्या खिडकीत काय उघडं होतं?” येथे अर्जदाराला चहा गार झाल्याचे आठवले.

४. लपवून उपयोग नाही. शेजारच्या खिडकीत कबुतरांच्या लिलावाचे पान होते. ते रोज असायचे. अर्जदार कबुतरे पाळतो. आपल्याकडे कबुतरवाला खोटारडा असतो, त्याची साक्ष कोर्टात चालत नाही असे म्हणतात, त्यामुळे कोर्टाच्या दारात बसणाऱ्या माणसाने हा शौक जाहीर करणे बरे नव्हते. गच्चीवरची चौदा कबुतरे शेजाऱ्याची आहेत, असे अर्जदार सांगत आला. शेजारीही तसेच सांगे, कारण त्याची नऊ अर्जदाराच्या नावावर आहेत. आता पंचाईत अशी की, कबुतरांचे सांगितले तर अर्जदाराचा शब्द धरला जाणार नाही, आणि न सांगितले तर झाले ते समजणार नाही. अर्जदाराने सांगण्याचे ठरवले आहे.

५. त्या पानात कोणा अज्ञात चोराने सापळा लावला होता. नवव्या आवृत्तीच्या भगदाडातून त्याने दोनशे बारा अर्ज उचलले. त्यात बँकेचे काही मिळेना, तेव्हा वैतागून त्याने ते सगळे त्याच पानाच्या फळ्यावर ओतले, विक्रीच्या कबुतरांच्या मधोमध. शेवटी त्याने लिहिले : “मंडळी, वाचू नका. तिसरा परिच्छेद सगळीकडे एकच आहे. मी फुकट मेहनत केली.” बावीस वर्षांत अर्जदाराच्या लेखनावर झालेली ही पहिली टीका. ती खरी असल्यामुळे जास्त लागली.

६. तो परिच्छेद असा : “घरात खाणारी सात तोंडे असून आई अंथरुणाला खिळलेली आहे, रोजच्या मारहाणीने अंगावर जागा उरली नसून डोळ्यांतून अश्रूंऐवजी रक्त वाहते.” प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्जदार सांगत असे की, हे खास तुमच्यासाठी लिहिले आहे. वीजमीटर मागणाऱ्या अविवाहित भाजीवाल्यालाही त्याने सात तोंडे दिली होती. रोज कोण मारतो, हे त्या भल्या माणसाने विचारले नाही. विभागानेही कधी विचारले नाही, हे अर्जदार अदबीने नमूद करतो. फळ्यावरचा मजकूर वाचून गावाने आपापले कागद पडताळले, तेव्हा एकाच गावात दोनशे बारा आया अंथरुणाला खिळलेल्या निघाल्या. बेकरीवाल्याची आई स्वतः छत्रीपाशी आली. “मी अंथरुणाला खिळलेय म्हणे! बाजारातून चालत आलेय, मेल्या, तुझ्या तोंडावर हे सांगायला,” असे म्हणून तिने छत्रीच्या दांड्याला काठी हाणली. छत्री तेव्हापासून डावीकडे कलते.

७. इथवर हसण्यासारखे आहे आणि फाटकावर सगळे हसतही आहेत. यापुढचे तसे नाही.

८. अर्ज क्र. २१२ श्रीमती रब्हिया, उम्म वज्दी म्हणजे वज्दीची आई, यांचा आहे. त्या ऑगस्टमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “लिहा भाऊ. तो मारत नाही. बोलत नाही. तीन वर्षं झाली. कबुतरांना एकेकाला नावानं हाक मारतो, मला ‘अगं’सुद्धा म्हणत नाही. काझीसाहेबांनी त्याला समोर बसवावं आणि विचारावं, बाबा, का बोलत नाहीस? नाहीच बोलला, तर मला वेगळी खोली आणि पोटापुरतं द्यावं. एवढंच.” अर्जदाराला वाटले, एवढ्यावर कोर्ट हलायचे नाही. न बोलणे हा काय गुन्हा आहे? त्याने बाईंना धीर दिला आणि तिसरा परिच्छेद चिकटवला. बाईंना वाचता येत नाही. त्यांनी विश्वासाने अंगठा दिला.

९. त्यांचे पती अबू वज्दी, म्हणजे वज्दीचे वडील, कबुतरांच्या फळ्यावर रोज जातात. तिथे त्यांना स्वतःच्या बायकोचे नाव दिसले आणि खाली मारहाण दिसली. ते छत्रीपाशी आले. भांडायला आले असते तर अर्जदार पळाला असता. ते उभेच राहिले. “मी हात उचलला तिच्यावर? कधी? एकदा तरी? कोणी सांगितलं तुला?” त्या घरात तीन वर्षे उच्चारली न गेलेली वाक्ये अर्जदाराला ऐकायला मिळाली. ‘मी बनवलं,’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. इतरांच्या तोंडी दोनशे बारा वेळा रक्ताचे अश्रू घालणारा माणूस तिथे मुका झाला.

१०. आता अबू वज्दींनी चार साक्षीदार उभे केले आहेत. बायको खोटारडी आहे, असे ते रविवारी, २४ तारखेला काझींपुढे सिद्ध करणार आहेत, आणि सहज सिद्ध करतील, कारण ते खोटेच आहे. मग बाईंना खोली मिळणार नाही, पोटापुरते मिळणार नाही, आणि गावात जन्मभर खोटारडीचा शिक्का बसेल. त्यांनी एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते. कालच त्यांनी अर्जदाराला विचारले, “भाऊ, मी असं कधी म्हटलं होतं का?” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखर आठवून पाहायचे होते. अर्जदाराला आजवर कोणत्या गोष्टीची इतकी लाज वाटली नव्हती.

११. दाखल अर्जातील मजकूर फक्त तो लिहिणारा परवानाधारकच पोर्टलवरून वगळू शकतो. अर्जदाराचे खाते आपण गोठवले आहे. ते उघडले, तरी नियम १७ प्रमाणे वगळण्याचे कारण द्यावे लागते, आणि ‘मजकूर लेखकाने मनाने घातला’ असे कारण दिल्यास परवाना आपोआप रद्द होतो. अर्जदाराने दुसरे एखादे कारण सुचते का ते पाहिले. अशा कामात त्याचा हातखंडा आहे. अकरा कारणे सुचली. त्यातल्या प्रत्येकात थोडा थोडा दोष बाईंवर जात होता.

१२. सबब विनंती की, विषयातील पहिली मागणी अर्जदार मागे घेत आहे. अर्जदाराचे खाते उघडून त्यातूनच अर्ज क्र. २१२ मधील तिसरा परिच्छेद रविवारपूर्वी वगळावा. कारणाच्या रकान्यात ‘मजकूर लेखकाने मनाने घातला’ असे लिहावे आणि खाली अर्जदाराचे पूर्ण नाव घालावे. पोर्टल उघडत नसल्यास हा कागदच काझीसाहेबांपुढे ठेवावा. कबुतरवाल्याचा शब्द म्हणून तो बाजूला सारू नये; आयुष्यात एकदाच तो खरा लिहिला आहे.

कळावे.

आपला नम्र, आणि रविवारपासून आपला कोणीही नसलेला,

(सही)
मिस्बाह नायिफ अल-हवामिदा
तल्ल सुम्माक, दि. १८ ऑक्टोबर २०२१

सोबत :
१. परवाना, मूळ प्रत.
२. दोन्ही परिपत्रके, टाचणीसह.
३. श्रीमती रब्हिया यांचे म्हणणे, त्यांनी सांगितले तसे, हाताने लिहून व त्यांना दोनदा वाचून दाखवून. पान अर्धेच भरले आहे. पुढे काही लिहिलेले नाही.