दर सात मिनिटांची शीळ

जेद्दा, १७ नोव्हेंबर २०२४

ती. बावांस,

नौशादचा अदबीने सलाम. वि. वि. (वि. वि. म्हणजे काय ते गुरुजी आठवीत सांगणार होते आणि मी सातवीतच शाळा सोडली. पण ते लिहिल्याशिवाय पत्राला वजन येत नाही.)

तुम्ही पाटीवर लिहून अदिबाकरवी कळवलंत, ‘व्हिडिओ कॉल पुरे झाले. मी बोलू शकत नाही आणि तू बोलत नाहीस, नुसते एकमेकांची तोंडं बघत बसतो, त्यापेक्षा पत्र लिही.’ म्हणून कागदावर लिहून फोटो अदिबाच्या मोबाईलवर पाठवतोय. अक्षराला हसायचं नाही.

बातमी अशी की रियाधचं, म्हणजे अल सुलैचं गोदाम सोडलं. रागावू नका, पुढचं वाचा. दोन वर्षांत ही तिसरी नोकरी, मला मोजता येतं. पण असली नोकरी खारशेतात कुणी ऐकलीपण नसेल. इथे एका मॉलच्या पोटात बर्फाच्या डोंगरातलं तळं बनवलंय. हिमनदी वितळली की असं तळं होतं म्हणे. डोंगर फायबरचे, बर्फ मशीनचा, पाणी तेवढं खरं. बाहेर घामाने सदरा भिजतो आणि आत उणे दोन. तळ्याभोवती पायवाट आहे. अख्खी कुटुंबं, कडेवरच्या बाळांसकट, भाड्याचे जाड कोट घालून चालतात. दारात प्रत्येक पोराला प्लास्टिकची दुर्बीण आणि एक कार्ड मिळतं. खडकांवर अकरा पक्षी बसवलेत. सापडला की कार्डावर खूण, सगळे सापडले की गरम चॉकलेट. माझं काम फावड्याचं. कुणी घसरू नये म्हणून वाटेवरचा बर्फ सारखा करत फिरायचं.

तुमच्या होडीतून पुण्यामुंबईची माणसं पक्षी बघायला जायची तेव्हा मी कंटाळून पळायचो. आता पक्ष्यांनीच मला इथे येऊन धरलंय.

एकच वाईट झालं. कफील, म्हणजे कामावर ठेवणारा मालक, बदलला की रजेचे दिवस पुन्हा एकपासून. म्हणजे आता पुढच्या नोव्हेंबरात.

आणि एक विचारायचं राहिलंय. फेब्रुवारीत, तुमच्या गळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही मला तीनदा फोन केला होतात. मी ड्युटीवर होतो. काय सांगायचं होतं?

अम्मीला सलाम. तुमची माया आहे तेवढीच ठेवा, कमी चालणार नाही.

तुमचा,
नौशाद


खारशेत, २६ नोव्हेंबर २०२४

चि. नौशाद यास,

कादिरच्या अनेक दुआ. पत्र मिळालं. अक्षराला हसलो नाही. हसलो असतो तरी आवाज कुठे येणार होता.

तब्येत बरी. गळ्याच्या भोकावर बांधायला अदिबाने रुमाल शिवून दिलाय, वर वेल काढलीय, नवरदेव दिसतो. होडीच्या फेऱ्या बंद नाहीत. पक्षीवाले येतात. अदिबा नावं सांगते, मी वल्ह्याने दाखवतो. ती चुकली की वल्हं पाण्यावर आपटतो, पक्षी उडतो, आणि मग सगळे माझ्याकडे रागाने बघतात. शीळ मात्र गेली ती गेलीच. श्वास गळ्यातूनच बाहेर पडतो, ओठांपर्यंत पोचत नाही. ओठांचा चंबू करून बघतो कधी कधी. तुझी अम्मी म्हणते, गरम चहा फुंकताय काय.

तुझ्या अकरांत तुतारी आहे का बघ. चिमणीहून थोडी मोठी, शेपूट सारखी खालीवर करत काठाने धावते ती. आपल्या खाडीत ऑगस्टात येते. पुण्याच्या विभाताई सांगत होत्या की ती उन्हाळाभर वरच्या, बर्फाच्या तळ्यांवरच असते, तिथेच अंडी घालते. म्हणजे तू सध्या तिच्या माहेरी आहेस. नीट राहा.

त्या फोनचं विशेष काही नव्हतं. असाच केला होता.

एका जागी एक वर्ष टिकून दाखव, मग रजेचं बोल. जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
बावा


जेद्दा, ५ जानेवारी २०२५

ती. बावांस,

सलाम. वि. वि.

तुतारी आहे. सातव्या खडकावर. शेपूट हलत नाही, स्क्रूने बसवलीय. मी येता-जाता तिच्यावरचा बर्फ झटकतो.

आता एक गंमत सांगतो, पण ती शेवटपर्यंत गंमत राहत नाही. शाळांना सुट्टी लागली आणि ऐन गर्दीत पक्ष्यांच्या आवाजाचं मशीन बिघडलं. पोरं वाटेतच बसली, पक्षी मेले म्हणून रडायला लागली. मी म्हटलं आपण तुतारीचा आवाज काढू, आणि बोटं तोंडात घातली. तर तुतारीची राहिली बाजूला, निघाली तुमची शीळ. भरतीच्या आधी धक्क्यावरून मारायचात ती, दोन आखूड, एक लांब. मी कांदळात खेकडे शोधत असायचो आणि ती ऐकू आली की समजायचो, घरी ये. मग मी दोन आखूड मारायचो, येतोय.

आमचे मशीनवाले इंद्रनील साहेब नाशिकचे. त्यांना आवडली. त्यांनी मोबाईलवर ती टेप केली आणि स्पीकरला लावून दिली. आता दर सात मिनिटांनी तळ्यावर वाजते. पोरं दुर्बिणी फिरवून पक्षी शोधतात. आणि मी फावडं हातात घेऊन उभा. दिवसाचे दहा तास मला कोणीतरी घरी बोलावतंय.

बावा, मी खोटं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी ड्युटी नव्हती. मी पहिली नोकरी सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की याच्या बुडाला आग लागलीय, हा कुठेच टिकायचा नाही. त्याचा मला राग होता. फोन वाजला, तुमचं नाव दिसलं, मी तो पालथा घातला. तीनही वेळा. उद्या तुमचा आवाज जाणार हे मला माहीत होतं. माहीत असून पालथा घातला.

काय सांगायचं होतं ते आता तरी लिहा. शिवी असली तरी चालेल.

तुमचा,
नौशाद


खारशेत, १४ जानेवारी २०२५

चि. नौशाद यास,

दुआ. तू ड्युटीवर नव्हतास हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तू ऑनलाइन दिसतोयस असं अदिबा म्हणाली होती. मीच तिला गप्प केलं.

शिवी नव्हती. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून आवाज नाही, आज कोणाशी काय बोलायचं ते बोलून घ्या. तुझ्या अम्मीशी बोलायला गेलो तर ती म्हणाली, तीस वर्षं बोललात तेवढं पुरे, आता झोपा. आणि तोंड फिरवून रडत बसली. अदिबाला अभ्यासाचं सांगितलं. तुझ्याशी बोलण्यासारखं काही नव्हतंच. आपण बोललो की भांडतो. मी नुसती शीळ मारणार होतो. तू दोन मारल्या असत्यास, की माझं झालं असतं.

मग दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन मारली. कावळे उडाले. खालून वॉचमन ओरडला.

ती आग लागल्याची गोष्ट मी बोललो हे खरं. बोलायला नको होतं. आवाज गेल्यावर एक कळलं, बोललेलं पुसता येत नाही, पाटी बरी.

दुसरी बातमी चांगली नाही. गाठ परत आलीय. या खेपेला डॉक्टर कापायचं म्हणत नाहीत. तू त्यासाठी नोकरीवर लाथ मारू नकोस. तुझी ती शीळ पाठवून दे. बरोबर मारतोस का बघतो.

तुझा,
बावा


खारशेत, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय नौशादभाईस,

अदिबाचा सलाम. तू पाठवलेली शीळ बावांना ऐकवली. एकदा ऐकली, पाटी मागितली आणि लिहिलं, तिसरा सूर आखूड पडतो, घाई करतो, पहिल्यापासून तसाच आहे. मग पुन्हा लावायला सांगितली. आता रोज असरच्या नमाजानंतर पाच-सहा वेळा लावते. माझ्या मोबाईलची बॅटरी तुझ्या शिळेत संपते.

भाई, ते तुला लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. होडीवर जाणं थांबलंय. पेज नळीने देतो. काल त्यांना उचलून कुशीवर वळवलं तर मला एकटीला जमलं. तू ये.

तुझी,
अदिबा


जेद्दा, ६ फेब्रुवारी २०२५

ती. बावांस,

सलाम. वि. वि.

तिसरा सूर लांब केला. इंद्रनील साहेबांनी नवीन टेप करून दिली, मॉलमध्येपण आता तीच लावलीय. ऐका आणि मार्क द्या.

रजा मागितली, ऑफिसवाले नाही म्हणाले. म्हणून नोकरी सोडल्याचा कागद दिला. रागावू नका. नोकरी सोडायचा मला चांगला सराव आहे, पण कारण सांगताना आवाज चढला नाही असं पहिल्यांदाच झालं. कायमचं परत जाण्याचा शिक्का मिळायला दोन आठवडे लागतात. साहेब स्वतः चकरा मारतायत. वीस तारखेपर्यंत होईल म्हणाले.

वीस तारखेपर्यंत थांबा. भरतीच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी थांबायचात, तेवढंच.

तुमचा,
नौशाद


खारशेत, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाईस,

सलाम. तुला फोनवर कळवलं तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

बावा रविवारी गेले. सकाळी गेले आणि दुपारी जोहरच्या नमाजानंतर दफन केलं. आपल्यात कोणासाठी थांबवत नाहीत, तुला माहीत आहे. अम्मीने तरी विचारलं की नौशादला किती वेळ लागेल.

शनिवारी संध्याकाळी नवीन शीळ लावली होती. पाटी धरता येत नव्हती. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत. शीळ संपली आणि त्यांनी खाटेच्या फळीवर बोटाने दोनदा वाजवलं. मी पुन्हा लावली. पुन्हा दोनदा. अम्मीला वाटलं पाणी हवंय, ती उठली. मला कळलं होतं, पण मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते.

पाटीवर त्यांनी आधी कधीतरी लिहिलेलं तसंच आहे. ‘वर्ष पुरं कर म्हणावं.’ अम्मी म्हणते, आता धावत येऊन कोणाला भेटणार, तेवढं म्हणणं राख. मला काय वाटतं ते विचारू नकोस.

तुझी,
अदिबा


जेद्दा, २८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अदिबास,

भाईचा सलाम. वि. वि. अम्मीला जवळ घेऊन माझा सलाम सांग.

शिक्का वीस तारखेला मिळाला. साहेब धावत घेऊन आले, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी कागद हातात घेतला आणि दोन दिवसांनी परत दिला, रद्द करा म्हटलं. वर्ष नोव्हेंबरात भरतं. तुला राग येईल. मलापण येतो.

उद्यापासून रोजे, तळ्यावर गर्दी कमी आहे. साहेबांनी विचारलं की ती शीळ काढून टाकू का. मी नको म्हणालो. पहिले दोन दिवस ती वाजली की मी मशीनच्या खोलीत जाऊन बसायचो. आता जात नाही. वाजली की फावड्याचा दांडा बर्फावर दोनदा आपटतो. काल एका लहान मुलीने ऐकलं. तिने सगळ्या खडकांवर दुर्बीण फिरवली, मग माझ्यावर रोखली आणि तशीच बघत राहिली. तिची आई तिला ओढून पुढे घेऊन गेली.

पाटी पुसू नकोस. होडी उन्हात ठेवू नकोस, फळ्या फाटतात. खाडीतल्या तुताऱ्या आता महिना-दोन महिन्यांत वर जातील. विभाताई आल्या की त्यांना सांग, मी नोव्हेंबरात पोचेन तोवर तुताऱ्या परत आलेल्या असतील.

तुम्हा दोघींची माया माझ्या वाट्याची जपून ठेवा.

येतोय.

तुझा भाई,
नौशाद