चिपळूणच्या लिंबोणीवरचा निलवंत

१४ सप्टेंबर, धाराशिव

आषाढापासून इथं एक ओळ लिहिली नाही. आळसच, दुसरं काय.

‘आपल्या माळरानाची फुलपाखरं’ हा कॉलेजचा फलक परवा छापायला जाणार. त्यावर जाधवसरांचा एकच फोटो आहे, त्यांच्या अंगणातल्या निलवंताचा. एवढं मोठं काळं-निळं फुलपाखरू सह्याद्रीतलं. आपल्या कोरड्या पठारावर मी तरी कधी पाहिलेलं नाही. आज त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तर वहिनी सहज बोलून गेल्या, “त्या कुंडीतल्या लिंबोणीवर अळ्या होत्या ना! माझ्या माहेरचं रोप ते, चिपळूणहून आणलेलं.”

सर हसले. “मॅडम, फुलपाखराला रहिवासी दाखला मागता का आता?”

“मीही तिकडचीच,” वहिनी म्हणाल्या. “मलाही काढा मग जिल्ह्याबाहेर.”

मीही हसले. पण ती लिंबोणी डोक्यातून जात नाही. कधी इथल्या रानात निलवंत दिसलाच, तर त्याचा फोटो आनंदानं लावू. हा मात्र कुंडीतून आलाय. सरांनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, तेही ठाऊक आहे. मी उगाच काटेकोर होतेय का? असेन. तरी फलकावरून हा फोटो काढायचाच.

उद्या: सरांना हे फोनवर नाही, समोर बसून सांगणे.