एडिंबरात मी गुणगुणत होते म्हणे

रविवार, संध्याकाळ. करी रोड.

परत आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. शिकायला होते तेव्हा बाबांना एडिंबरा फक्त फोनवर दाखवलं होतं. या वेळी सोबतच नेलं. माझी जुनी खोली, टेकडी, लायब्ररी, सगळं दाखवलं. माझ्या तिथल्या मॅडमनी भेटल्यावर सरळ नोकरीच देऊ केली. मी हसून विषय बदलला. वाटलं, बाबांना एवढं इंग्रजी कुठे कळतंय!

मघाशी चहा पिताना म्हणाले, "मॅडमना काय कळवलंस?"

"नाही म्हणणार आहे. आई गेल्यावर तुम्ही इथे एकटे..."

"तिथे चालताना तू गुणगुणत होतीस. आई गेल्यापासून इथे कधी ऐकलं नाही."

मी? गुणगुणत होते? आठवतच नाही. कुठलं गाणं, तेही बाबांना सांगता येईना. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

"मग तुम्हीपण चला माझ्याबरोबर."

"छे! मला तिथेसुद्धा चाळीचीच स्वप्नं पडत होती. तू जा. भीमजयंतीला येत जा."

एवढं बोलून खाली कॅरम खेळायला गेले. इतकं सहज? मला रडू आलं, रागही आला. 'नाही' लिहिलेला मेल पुसला. 'हो' लिहिला, पण पाठवायला हात होईना. शेवटी गॅलरीतून हाक मारली, "बाबा, जरा वर या ना."

त्यांनी मान वर केली. "आधी पाठव, मग येतो."

पाठवला.

बाबा अजून वर आलेले नाहीत.