शेवटचं प्यादं

धुळे,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय नाना,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जिल्हा बुद्धिबळ निवडीच्या शेवटच्या फेरीत माझं घड्याळ संपलं, म्हणून मी हरले. ते खरं नाही. घड्याळात भरपूर वेळ होता. तुमचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या: "घड्याळाचं कळलं. पटावर काय होतं ते लिहिलं नाही." आणि खाली तुमची चाल. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. काल नरडाण्याला कंपनीत तेलाच्या पिशव्या तपासताना एक गळकी पिशवी माझ्या हातून पास झाली. पॅकिंगवाल्या बाईंनी ती मुकाट्याने परत आणून ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर पटावर काय होतं ते लिहिते. माझ्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी. समोर शिंदखेड्याची डिंपल, नववीतली मुलगी, डोकं पटावर इतकं खाली की तिच्या वेण्या सोंगट्यांना लागतील अशी भीती वाटायची. तिच्याकडे राजा आणि एकच प्यादं उरलं होतं. ते घोड्याच्या पट्टीत होतं आणि माझा हत्तीही त्याच पट्टीत, मध्ये काही नाही. हात पुढे करायचा आणि उचलायचं, एवढंच काम. मी ते मारलं नाही, नाना. मी शह देत तिच्या राजाच्या मागे लागले, कारण मला मात करायची होती, आणि तीही जमली तर प्याद्याने. प्यादेमात केली की तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचात, "चहा टाक वं, पोरगी जितली!" धुळ्याच्या त्या हॉलमध्ये, पंखे फिरत असताना, मी त्या चहासाठी खेळत होते असं आता वाटतं.

आणि अजून एक. ते प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर काय होईल, याचा मी विचार केला होता. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं, म्हणजे आपल्या नियमाने घोडा होईल. होऊ दे, पुढच्या चालीला मात आहे. डिंपलने पटाबाहेरचा वजीर उचलून त्या घरात ठेवला. माझ्या राजाला शह बसला, त्याच वजिराच्या तोंडात माझा हत्ती. मी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने काही चोरलं. ती म्हणाली, "ताई, तुमची चाल."

मला बाहेरचे नियम येत नाहीत असं समजू नका. प्याद्याचा हवा तो मोहरा होतो, एकटा राजा उरला तरी डाव चालतो, सगळं पाठ आहे. कोणी विचारलं तर झोपेतून उठून सांगेन. पण पटावर बसले की मी बोदवडच्या आपल्या ओसरीवर असते. समोरच्याचं शेवटचं प्यादं दिसलं की माझा हात आपोआप मागे येतो, कारण ते मारलं की बुर्जी, डाव बरोबरीत, कोणीच जिंकलं नाही. तुम्ही माझं बोट धरून थांबवायचात. "आता एकल्या राजाले काय मारतं, पोरी? टाक सोंगट्या थैलीत." मी सहा-सात वर्षांची होते. शाळेत अक्षरं नंतर आली, हे आधी आलं.

मिसबाह मॅडमबद्दल मागे लिहिलं होतं, रविवारी शिकवतात त्या. त्यांनी माझे ह्या वर्षीचे डाव समोर मांडायला लावले. मी जिंकायला आलेले पाच डाव असेच सुटले होते, आणि प्रत्येकात समोरच्याचं एक प्यादं जिवंत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मयुरी, तू वाईट खेळत नाहीस. तू जिंकायच्या वेळी पाहुण्यासारखी वागतेस." मग त्यांनी अभ्यास दिला: समोर एकटा राजा, माझा राजा आणि हत्ती, मात कर, पुन्हा मांड, पुन्हा कर. मी खोलीवर करत बसते. घरमालकीण धुरपदाबाई येता-जाता विचारतात, "हाई काय शे वं पोरी? बठ्ठा दिन त्या लाकूडना राजामांगे काय पयस?" मी हसते, दिवसभर पळते हे खरंच आहे. पण एकटा राजा कोपऱ्यात गेला की मी हत्ती उचलून तिथेच परत ठेवते. लाकडाचा राजा आहे हे मला कळतं. तरी मला वाटतं मी कोणाला तरी घरातून बाहेर काढते आहे.

मॅडमनी विचारलं, आठवड्यात अजून कोणाशी खेळतेस? मी सांगितलं, वडिलांशी, पत्राने, आमच्या नियमांनी. त्या म्हणाल्या, मग निवड होईपर्यंत तो डाव थांबव, एका हाताला दोन खेळ कळत नाहीत. मी बसस्टँडपर्यंत चालत आले आणि बस समोर उभी असताना सोडून दिली, बसायचं सुचलंच नाही.

कारण मला पोळ्याचा दिवस आठवतो. तुम्ही थैली घेऊन पारावर गेला होता. तिथली पोरं मोबाईलवर खेळत होती. तुम्ही एकाला बसवलं, त्याने तुमचं शेवटचं प्यादं मारलं, तुम्ही म्हणालात बुर्जी, आणि सगळे हसले. अभिमन काका हसले नाहीत, पण ते जे बोलले ते जास्त लागलं. "तोताराम, तुह्ये नियम तुह्या घरात. ह्या पोट्ट्यायले बुर्जी काय माहीत?" तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा ते ऐकलं नसेल अशी आशा मी धरली होती. पण तुम्ही घरी आलात, थैली कोठीवर ठेवली, आणि त्यानंतर पारावर गेला नाहीत. आई म्हणते, कापूस वेचायला माणसं आली तरी तुमचं अर्धं लक्ष कोठीवरच्या आपल्या पटाकडे असतं, आणि ती पुसताना एखादी सोंगटी हलली तर तिच्यावर चिडता. म्हणजे तुमच्या नियमांनी खेळणारी आता मी एकटीच उरले. मी डाव थांबवला तर तुम्ही कोणाशी खेळणार? आणि नाही थांबवला तर मी अशीच हरत राहणार.

इकडची गोष्ट अशी की माझे आणि डिंपलचे गुण सारखे झालेत. जिल्ह्याच्या संघात एकच जागा शिल्लक आहे, आणि २३ तारखेला आम्हा दोघींना पुन्हा खेळायचं आहे. मागच्या रविवारी ती क्लासच्या जिन्यात भेटली. अगदी निरागसपणे म्हणाली, "ताई, तुम्ही शेवटचं प्यादं मारतच नाही ना? आमच्या सरांनी सांगितलंय, एक सांभाळून ठेव, बास." मी तिला चिक्की दिली. काय करणार?

आता तुमची चाल. तुम्ही तुमचं शेवटचं प्यादं माझ्या हत्तीच्या समोर आणून ठेवलंत. नेहमी असंच करता, हरायला आलात की प्यादं पुढे टाकता आणि बुर्जी मागता, आणि मी वळसा घालून दुसरीकडे जाते. पण या वेळी त्या चालीच्या वरच तुम्ही पटावर काय होतं ते विचारलंत. मी कार्ड इतक्या वेळा वाचलं की घडीवर शाई पुसट झाली. तुम्ही बुर्जी मागता आहात, की तुम्हाला सगळं आधीच कळलंय आणि तुम्ही मला मारायला सांगता आहात? तुमच्या अक्षरावरून ओळखता येत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आईकडून विचारलं तर ती म्हणेल, जेवलीस का?

म्हणून हे पत्र. अचानक येऊन तुमच्यासमोर असं करणं मला बरोबर वाटत नाही, तुम्हाला आधी माहीत असायला हवं. माझी चाल: हत्तीने तुमचं प्यादं मारलं. ते पटावरून उचलून बाजूला ठेवा, पण सोंगट्या थैलीत टाकू नका, आणि बुर्जी म्हणू नका. तुमचा राजा आहे तिथेच उभा राहू द्या. पुढचा डाव पत्राने नको, मला तुमच्यासमोर बसून खेळायचा आहे. तुम्ही पळायचं, मी मागे लागणार, आणि माझा हात थांबला तर या वेळी बोट धरू नका. २३ तारीख झाली की पुन्हा तुमचे नियम, तुम्ही म्हणाल तितके डाव, पारावर सगळ्यांसमोरसुद्धा. नरडाण्याहून सकाळच्या गाडीने भुसावळ, तिथून बोदवड. आईला सांगा, चहा डाव संपल्यावर, कोणीही जिंकलं तरी. मी येते आहे रविवारी, १६ नोव्हेंबरला.

तुमचीच,
मयुरी