आसगंधातली माती

सोलापूर,
१८ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप आप्पांस,

कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. वहिनींनी पाठवलेलं तूप पोचलं. धाकटीचा खोकला कमी आहे.

तुमच्या दोन्ही कार्डांत एकच प्रश्न आहे, पुढचा आसगंध कधी पाठवू? आधी मागच्याचं ऐका.

आमच्या कारखान्यात आसगंध, शतावरी आणि सुंठ दळून एकत्र करतात, ते ताकदीचं चूर्ण. डबे भरण्याआधी ते माझ्या टेबलावर येतं. चाळणीतून किती उतरतं, ओल किती आहे, हे मी बघतो. मग थोडं चूर्ण जाळायचं आणि राख आम्लात उकळायची. जे विरघळत नाही ती माती. तुमच्या आसगंधाचं चूर्ण चाळणीतून झकास उतरलं, कारण मातीही तितकीच बारीक होती. राखेत मात्र ती मर्यादेच्या चौपट निघाली.

मी तीनदा जाळून बघितलं. शेवटी गोदामात जाऊन तुमचं उरलेलं पोतं उघडलं. चुलीला पोतेरं फिरवावं तसा मुळांना लेप होता. शेतातली माती अशी बसत नाही, आप्पा. ती वजनासाठी हातानं चोळावी लागते.

चूर्ण कालवणारी केराबाई वीस वर्षं तिथं आहे. प्रत्येक खेपेचं चूर्ण ती आधी जिभेवर घेते. ती टेबलापाशी येऊन म्हणाली, "साहेब, दाताखाली कचकच लागतंया की. ह्यो माल भरू नका."

मी म्हणालो, "मिश्री लावून लावून तुमची जीभ मेलीय." बाकीच्या बाया हसल्या. माझ्या हातात तेव्हा खरा आकडा होता. वहीत मी खोटा लिहिला आणि खाली सही केली. मला तुम्ही पदरचे पैसे घालून शिकवलंत ना, ते असं कामी आलं.

पंधरा दिवसांनी अक्कलकोटच्या एका वैद्यांनी डबे परत पाठवले. मालकांनी विचारलं, माती आली कुठून? तुमचं नाव ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि सांगितलं, केराबाईनं चूर्ण उघडं टाकलं, वाऱ्यानं धूळ बसली. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मी झाकून ठिवलं व्हतं. तुमी बगितलं व्हतं की." बघितलं होतंच. त्याच दुपारी तिला काढलं.

आठ दिवस मला माझीच किळस येत होती. सोमवारी मालकांना सगळं सांगितलं. ते हसले. "बाई गेली, प्रकरण मिटलं. भावाला कळवा, पुढच्या खेपेला माती जरा कमी लावा." हा निरोप पोचवला.

तिथून केराबाईकडे गेलो. ती आता विड्या वळते. मालकांना खरं सांगून आलो, म्हणालो. मला वाटलं, बरं वाटेल तिला. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मालकाच्या कानात सांगितलासा व्हय? मला खोटी पाडली ती समद्या बायांम्होरं. सांगायचं तर तितं सांगा."

उद्या सकाळी कामावर येणाऱ्या सगळ्या बायांसमोर उभा राहून मी सांगणार आहे. खोटा आकडा माझा, माती तुमची, आणि केराबाईची जीभ खरी होती. नोकरी जाईल. त्या बायांत आपल्या करकंबच्या दोघी आहेत, म्हणजे आठवड्यात गावालाही कळेल. तुम्हाला आधी कळावं म्हणून हे पत्र. मला थांबवायला येऊ नका, पत्र पोचेल तोवर बोलून झालेलं असेल.

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांना काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्यासाठी खोट्या आकड्यावर सही केलेला तुमचा धाकटा भाऊ,
कुंडलिक